नाव घेतलं की उघडतं

१

मखमलाबादच्या शिवारात वाल्मीकअण्णाचा दीड एकर झेंडू आणि अर्धा एकर शेवंती. या दोन एकरांत त्याने जेवढ्या गोष्टी पिकवल्या तेवढी फुलं काही कधी पिकली नाहीत. त्याच्या माळेखालून गेलेल्या एका नवरदेवाचं सात वर्षांचं पडसं जागच्या जागी बरं झालं होतं. त्याच्या शेवंतीवरची एक मधमाशी फुलांच्या टेम्पोत बसून त्र्यंबकला जायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायची. फुलबाजारात लोक आधी मधमाशीची खुशाली विचारत, मग झेंडूचा भाव. अशा माणसाने यंदाच्या दसऱ्यानंतर एका फोनवर एक गोष्ट अगदी साधी, तिखटमीठ न लावता, खरी सांगितली. ऐकणारा पोट धरून हसला.

झालं ते घरातल्या कॉम्प्युटरपायी. तो तसा अण्णाचा नव्हताच, त्याच्या बायकोचा, उज्वलाचा. बचत गटाचे अर्ज, लग्नाच्या हारांच्या ऑर्डरी, मुलीचे, म्हणजे भाग्यश्रीचे, कॉलेजचे फॉर्म, सगळं त्यावर उज्वलाच करायची. टेबल तिने मुद्दाम असं मांडलं होतं, की बसणाऱ्याची पाठ स्वयंपाकघराकडे यावी. स्क्रीन काळी झाली की तिच्या काचेत मागचं दार, ओटा आणि गॅसवरचं दुधाचं पातेलं दिसायचं. दूध वर आलं की उज्वला काचेत बघूनच उठायची. तिचं दूध कधी उतू गेलं नाही. अण्णा बाजारात सांगायचा, माझ्या बायकोला पाठीला डोळे आहेत. त्याच्या मानाने हे खऱ्याच्या बरंच जवळ होतं.

कॉम्प्युटर आणला त्या दिवशी त्याने स्क्रीनवर विचारलं होतं, वापरणाऱ्याचं नाव काय. अण्णा म्हणाला, घाल की माझं. उज्वला पदर तोंडाला लावून हसत बसली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात एकदा घेतलं होतं, लग्नात, उखाण्यातून. तेव्हा बँडवाल्याने नेमकी तुतारी फुंकली आणि ज्याचं नाव त्यालाच ऐकू आलं नाही. शेवटी तिने त्याच्यासाठी टाइप केलं, ‘अहो’. स्वतःसाठी टाइप केलं, ‘अगं’. म्हणाली, तुम्ही मला दुसरं काय म्हणता. तेव्हापासून आठ वर्षं ते यंत्र अण्णाचं स्वागत ‘अहो’ म्हणूनच करत आलं.

‘अहो’ला कुलूप नव्हतं. ‘अगं’ला होतं. दुपारची जेवणं आटोपली की उज्वला एक ते तीन ‘अगं’ उघडून बसायची आणि टकटक टाइप करायची. अण्णा मागे येऊन उभा राहिला की स्क्रीन काळी आणि काचेत त्याचंच तोंड. काय चाललंय विचारलं तर म्हणायची, सराव. विसरलं तर आठवावं म्हणून लिहितात तशी कुलपाखाली तिने एक ओळ लिहून ठेवली होती: नाव घेतलं की उघडतं.

मागच्या वर्षीच्या श्रावणात तिला ताप भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली. कुलूप तसंच राहिलं.

२

नाव घेणं म्हणजे नवऱ्याचं, यात अण्णाला शंका नव्हती. त्याने वाल्मीक मराठीत टाइप केलं, इंग्रजीत टाइप केलं, व्हीने, डब्ल्यूने, एका आयने, दोन ईने. वडिलांचं नाव जोडलं, आडनाव जोडलं. कुलूप ढिम्म. मग उज्वला टाइप करून पाहिलं. तेही नाही.

स्वतःच्या नावाने आपल्याच घरातलं कुलूप उघडू नये, हे त्याला लागलं. ते नाव आता कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. बाजार त्याला अण्णा म्हणायचा, भाग्यश्री पुण्याहून फोनवर पप्पा म्हणायची, आई होती तोवर बाळू म्हणायची. वाल्मीक फक्त सातबाऱ्यावर आणि मतदारयादीत होता. उज्वलाने एकदा साधं, उखाणा-बिखाणा न लावता, घाईत हाक मारावी तसं ‘वाल्मीक’ म्हणावं, एवढी एक हौस त्याने लग्नापासून जपली होती. बोलून दाखवली की ती हसायची. ती गेल्यावर ही हौस त्या कुलपामागे जाऊन बसली. दुपारी दोन-दोन तास लाजत लाजत ती तेच टाइप करत असणार, सराव म्हणजे तोच, अशी त्याने मनाशी एक गोष्ट रचली. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गोष्टीवर त्याचा स्वतःचा विश्वास बसला.

पंचवटीत दुरुस्तीचं दुकान असलेला महेश कॉम्प्युटर बघायला आला. म्हणाला, ही सिस्टीम आता बंद पडणार, अनुदानाचे फॉर्म पुढच्या महिन्यात यावर उघडायचे नाहीत, नवीन आलीय ती टाकून घ्या. कुलपाचं विचारलं तर म्हणाला, ते दोन मिनिटांत तोडून देतो.

“कुलूप तिचंय,” अण्णा म्हणाला. “तोडायचंच असतं तर घरात कोयता होता.”

महेशने मान हलवली. नवी सिस्टीम कुलपाला हात लावत नाही, जुनं सगळं जसंच्या तसं पलीकडे नेते, असं त्याने समजावून सांगितलं. फक्त यंत्र म्हातारं आहे. मधेच दम टाकला तर ‘अगं’मध्ये जे काही असेल ते गेलं, याची जबाबदारी त्याच्यावर नाही.

“आणि नवीन नाहीच आवडली, तर दहा दिवस मुदत असते, अण्णा. दहा दिवसांत जुन्याकडे परत जाता येतं. दहाव्यानंतर मात्र नाही. मग ते जुनं कायमचं जातं.”

अण्णाला रामकुंडावर गुरुजींनी साधारण हेच सांगितलं होतं.

३

दसऱ्याचा झेंडू उतरून गेला होता. शेतात नुसती तोडलेली झाडं उभी होती. भर बाराला महेशने सिस्टीम चालू करून दिली आणि तो निघाला. जाताना म्हणाला, दोन-तीन तास लागतील, मधेमधे बंद पडून आपोआप सुरू होईल, घाबरू नका आणि हात लावू नका.

अण्णा खुर्चीत बसून राहिला. घरात पंख्याचा आवाज, बाहेर लांब कुठे तरी ट्रॅक्टर. माशा येतात म्हणून स्वयंपाकघराचं दार त्याने अर्धं लोटून घेतलं होतं. स्क्रीनवर निळ्यावर पांढरी अक्षरं आली: आम्ही तुमच्यासाठी तयारी करत आहोत. खाली आकडा, नऊ टक्के. मग अठरा. मग स्क्रीन काळी झाली, यंत्र आतल्या आत घरघरलं आणि पुन्हा उजेड आला.

तयारी करते आहे.

अण्णाने ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. पहिल्या वेळी ‘करत आहोत’ होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याने महेशला फोन लावला आणि विचारलं, तुमचं यंत्र बाईमाणूस आहे का. महेश गाडीवर होता. ओरडून म्हणाला की ही मराठी कंपनीवाले कुणाकुणाकडून करून घेतात, हल्ली बायका घरबसल्या करतात हे काम, त्यातल्या एखादीने स्वतःच्याच तोंडचं लिहिलं असेल. अण्णाला ते पटलं. कुठल्या तरी फ्लॅटमध्ये भाजी निवडता निवडता जगभरच्या यंत्रांना मराठी बोलायला शिकवणारी बाई त्याला समोर दिसली, आणि ती त्याला आवडलीही. बाजारात सांगायला बरी गोष्ट होती.

एकेचाळीस टक्क्यांना अक्षरं बदलली. सगळ्या वस्तू होत्या तिथेच ठेवल्यात.

सेहेचाळीसला आलं: बसा. थोडाच वेळ लागेल.

त्या ‘बसा’पाशी तो अडला. यंत्र ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणतं. बँकेतलं म्हणतं, तलाठी ऑफिसातलं म्हणतं. ‘बसा’ दारात आलेल्या माणसाला म्हणतात. आणि तो बसलेलाच होता, तरी खुर्चीत थोडा सरकून नीट बसला.

४

दुसऱ्यांदा स्क्रीन काळी झाली तेव्हा त्याने काचेत बघितलं. स्वतःचं तोंड, मागे भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर आणि स्वयंपाकघराचं दार. दार सताड उघडं होतं.

तो वळला. दार अर्धं लोटलेलं होतं, त्याने लोटलं होतं तसंच.

पुन्हा काचेत बघितलं. सताड उघडं. अण्णा कधी घाबरायचा नाही, कारण घाबरायच्या आधी त्याला कारण सुचायचं. काचेत डावं उजवं होतं, तसं बंद उघडंही होत असेल, असं त्याने ठरवलं. ठरवून झाल्यावर मात्र पायातल्या चपला अंगठ्याने चाचपून पाहिल्या.

उजेड आला. एकोणसत्तर टक्के.

तिसऱ्यांदा काळी झाली आणि या वेळी बराच वेळ काळीच राहिली. काचेतल्या छताला उजेडाचे लाटांसारखे पट्टे हलत होते. पाण्यावरून ऊन उडून छताला लागतं ना, तसे. खऱ्या छताला नुसतं पंख्याचं पातं फिरत होतं. घरात बादलीभर पाणीही उघड्यावर नव्हतं आणि खिडकी उत्तरेला होती. शेजारच्या कोंडाजीने शेतात तुषार लावले असतील, असं अण्णाने मनात म्हटलं. कोंडाजीचं शेत दक्षिणेला होतं, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने तेच म्हटलं.

मग पाठीमागे, अगदी हळू, स्टीलचं ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. ठेवणाऱ्याने आवाज होऊ नये म्हणून कड आधी टेकवली होती. पाहुणे बाहेर बसलेले असले की बायका आत अशी भांडी ठेवतात.

अण्णा घाबरला असता तर उठून अंगणात गेला असता. त्याने खुर्चीचे हात धरले आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, “अगं.”

आत सगळं शांत झालं. रिकाम्या घराची शांतता त्याला सवयीची होती. ही तशी नव्हती. ही अनोळखी हाक ऐकून कुणी तरी थबकल्याची होती.

स्क्रीन उजळली. शंभर टक्के. खाली एक शब्द होता: आलेच.

५

नवी सिस्टीम दिसायला देखणी होती. मधोमध गोल, खाली नावं. ‘अगं’ होतं. ‘अहो’ नव्हतं. त्याच्या जागी लिहिलं होतं, ‘पाहुणे’.

महेशने फोनवर सांगितलं की पाहुणे म्हणून एक खातं कॉम्प्युटरवर असतंच, घाबरू नका, ‘अहो’ कुठे तरी आत असेल, उद्या शोधून देतो. अण्णा हो म्हणाला. पण आपल्याच घरात आपल्या नावाच्या जागी पाहुणे लागलेलं बघून त्याला एक जुनी दुपार आठवली.

सायखेडा. गोदावरीच्या काठाला लागून घर, छताला पाण्याचा उजेड. तो मुलगी बघायला गेलेला, इस्त्रीचा शर्ट, कॉलर सारखी वर. मुलीने वहिनीची आबोली साडी नेसलेली, लांबीला जास्त, म्हणून ती निऱ्या उचलून चालत होती. सगळे विचारतात तसं त्याने विचारलं होतं, नाव काय. तिने खाली बघून पण स्पष्ट सांगितलं होतं. त्याने पोह्यांबरोबर ते ऐकलं आणि पोह्यांबरोबरच ते संपलं.

कारण पुढे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने त्याने तिचं नवं नाव लिहिलं. उज्वला हे नाव आपल्याला स्वप्नात दिसलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे पत्रिका छापायला गेला तेव्हा छापखान्यातल्या नमुन्याच्या पत्रिकेवर चि. सौ. कां. उज्वला छापलेलं होतं. ते बरं दिसत होतं. दुसरं शोधायला वेळ नव्हता. तांदूळ नंतर कुणी तरी गोळा करून भातात घातले. आणि ते नावही त्याने कधी वापरलं नाही. सव्वीस वर्षं अगं.

नाव घेतलं की उघडतं. ही ओळ तिने स्वतःला आठवावं म्हणून लिहिली, असं त्याने धरलं होतं. ती त्याच्यासाठी असेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. नाव त्याने घ्यायचं होतं.

त्याने एका बोटाने, एकेक अक्षर तोंडाने म्हणत, टाइप केलं. स. रि. ता.

कुलूप उघडलं.

आत एकच फाइल होती. त्याने ती उघडली. सरिता सरिता सरिता सरिता. ओळीमागून ओळ, पानामागून पान. कुठे घाईने, कुठे एकेका अक्षरात जागा सोडून, कुठे वेलांटी चुकलेली आणि पुढच्या वेळी सुधारलेली. आठ वर्षांच्या दुपारी. तो खाली खाली जात राहिला. वाल्मीक एकदाही नव्हतं. स्वतःचं नाव विसरू नये म्हणून एक बाई याच खुर्चीत रोज दोन तास बसत होती, आणि तो बाजारात मधमाशीची गोष्ट सांगत होता.

शेवटच्या पानावर नुसतंच ‘सरि’ होतं. फाइलीखाली वेळ होती, शेवटचा बदल कधी झाला त्याची. आज. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन होत होते.

“सरिता,” अण्णा म्हणाला.

“ओ,” मागून आवाज आला.

६

स्क्रीन आपोआप काळी झाली.

वळलो तर अर्धं लोटलेलं दार दिसेल, हे त्याला आता कळलं होतं. तो वळला नाही.

काचेत दार सताड उघडं होतं आणि छताला पाण्याचा उजेड हलत होता. उंबऱ्याशी आबोली रंग दिसला. एका हाताने निऱ्या उचललेल्या, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. चेहरा काचेवरच्या धुळीआड होता, पुसायला अण्णाचा हात उठेना. पण खांदे त्याने ओळखले. ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तापात खचलेले खांदे नव्हते. त्यांनी अजून त्याच्या घरचं काही उचललं नव्हतं.

ती त्याच्या पाठीकडे बघत होती. अनोळखी माणूस आपल्या ओसरीवर बसलेला दिसला की मुली बघतात तसं, जरा अंग चोरून.

“तुम्ही कोणाकडे आलात?” तिने विचारलं.

अण्णाचं तोंड उघडलं. जन्मभर ज्या तोंडातून गोष्टींची कधी टंचाई पडली नाही, त्यात एकही आली नाही. मी तुझा, असं म्हणावं तर त्या नात्याला अजून सुरुवात झालेली नव्हती.

“मी,” तो म्हणाला. “वाल्मीक.”

तिने मान आत वळवली. आणि साध्या, मोकळ्या आवाजात, बाजारात पाटीवरचं नाव वाचावं तसं, तिने ते घेतलं.

“आई, कोणी वाल्मीक आलेत.”

ज्या स्वयंपाकघरात गॅस, ओटा आणि पिठाचे डबे याखेरीज काही नव्हतं, तिथून बांगड्या मनगटावर सरकल्याचा आवाज आला. पाटा बाजूला सरकवल्याचा आला. मग म्हाताऱ्या बाईच्या, वीस वर्षांपूर्वी जळून राख झालेल्या गळ्यातून, अगदी घरगुती आवाज आला.

“बसायला सांग. आलेच.”

७

अण्णा बाजारात दिसेना. भाग्यश्रीला फोनवर त्याने सांगितलं की तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर आहे. कोंडाजी खिडकीतून डोकावून गेला. त्याने बायकोला सांगितलं, अण्णा दुपारी बंद कॉम्प्युटरपुढे बसतो, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या अगदी कडेला.

दहाव्या दिवशी दुपारी महेशचा फोन आला.

“अण्णा, आज मुदत संपते. जुन्याकडे परत जायचं असेल तर आत्ता सांगा, येऊन करून देतो.”

“हळू बोला,” अण्णा कुजबुजला. “मी सायखेड्याला आहे. मुलगी बघायला आलोय.”

महेश इतका हसला की अण्णाला फोन कानापासून दूर धरावा लागला. मधमाशीही बरोबर नेलीत का, विचारलं त्याने. मग हसू ओसरल्यावर, थट्टा पुढे न्यायची म्हणून, विचारलं, “नाव काय मुलीचं?”

“सरिता.”

“मग? बदलणार का?”

“नाही,” अण्णा म्हणाला. “आहे तेच ठेवायचंय.”

त्याने फोन खाली ठेवला. काचेत तांब्यातलं पाणी जराही हलत नव्हतं. दहा दिवस आतल्या आत घुटमळणारी पावलं आता उंबऱ्याकडे येत होती, सावकाश, म्हाताऱ्या बाईची. अण्णाने कॉलर सारखी केली आणि हात मांडीवर ठेवले.

पावलं थांबली.

“नमस्कार,” त्याने काचेकडे बघत म्हटलं.

मागच्या खोलीत दुधाचा वर येतानाचा वास सुटला होता.